सोनूबाईंनी वाटलेलं ऊन

दुपारी अकरा ते चार लिफ्ट बंद ठेवायची, असा ठराव आमच्या सोसायटीने केला तेव्हा सोनूबाई हिवाळे यांनीही हात वर केला होता. हे त्यांनीच नंतर ज्याला-त्याला सांगितलं. नाहीतर कुणाच्या लक्षातसुद्धा राहिलं नसतं.

मीटिंग तळमजल्यावर मीटरबॉक्ससमोर झाली होती. चौसष्ट घरांमधून वीस-बावीस माणसं आली असतील. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचं सामाईक वीजबिल थकलं होतं आणि कनेक्शन तोडण्याची नोटीस गेटवर चिकटली होती. आमचे सेक्रेटरी मार्तंड गायकर म्हणाले, "अकरा ते चार माणसं कामावर असतात. तेवढा वेळ लिफ्ट बंद ठेवू. बिल आटोक्यात आलं की परत चालू करू." कुणी वाद घातला नाही. सोनूबाई सातव्या मजल्यावर राहायच्या, तरी त्या म्हणाल्या, "ठेवा बंद. दुपारी आम्हाला कुठं जायचंय?"

मी पाचव्या मजल्यावर राहतो. महापालिकेच्या शाळेत क्लार्क आहे आणि बारीकसारीक हिशेब येतो म्हणून सोसायटीचा खजिनदार. तो ठराव वहीत मीच लिहिला.

आमची बिल्डिंग घाटकोपर पूर्वेला, नाल्यालगत. आधी तिथे झोपडपट्टी होती, ती पाडून बिल्डरने आम्हाला रूम दिल्या. सोनूबाई आणि त्यांचे मालक कुंडलिक हे त्या वस्तीतले अगदी सुरुवातीचे लोक. जालन्याकडच्या भोकरदन तालुक्यातून लग्नानंतर दोघं मुंबईला आले आणि बावीस वर्षं त्यांनी विजेच्या केबलसाठी रस्त्याकडेला चर खणले. मुलुंडपासून अंधेरीपर्यंत असा रस्ता नसेल जिथे त्यांची कुदळ पडली नाही. कुंडलिक खणायचे, सोनूबाई घमेल्याने माती उपसायच्या. त्यांच्या स्वतःच्या झोपडीत मात्र कित्येक वर्षं शेजाऱ्याच्या वायरवरचा एकच बल्ब होता. त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. कुंडलिकांच्या छातीत जी धूळ बसली ती तेवढी कायमची राहिली. सत्तरीत आल्यावर त्यांना दोन मजले चढणंही जमेना. त्यांची एकुलती मुलगी सपना लग्न होऊन नाशिकला असते. त्यामुळे सातव्या मजल्यावर दोघंच.

दोन हजार चोवीसच्या एप्रिलमध्ये, दुपारी एकच्या सुमारास, वरून सोनूबाईंची हाक आली. शाळेला सुट्टी नव्हती, पण मी तापामुळे घरी होतो. वर गेलो तर कुंडलिक पलंगाच्या कडेला बसून श्वास ओढत होते. ओठ काळेनिळे पडले होते. मी खाली धावलो. लिफ्टच्या स्विचच्या खोलीला कुलूप. किल्ली मार्तंडकडे, आणि मार्तंड अंधेरीला ड्युटीवर. ते एका कंपनीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. फोन केला तर म्हणाले, "कुलूप तोड रे, तोड!" पण तोडायला हाताशी काहीच नव्हतं, आणि शोधण्यात वेळ जात होता.

शेवटी हाकेला धावून आलेल्या शेजाऱ्यांसह आम्ही चौघांनी कुंडलिकांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि जिन्याने उतरायला लागलो. आमचा जिना अरुंद. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करावी लागायची आणि तिरकी केली की त्यांची मान कलंडायची. सोनूबाई पुढे चालत होत्या, उलट्या, त्यांचे पाय धरून. तिसऱ्या मजल्यावर ते म्हणाले, "थांबा जरा." आम्ही थांबलो. किती वेळ थांबलो ते मला आजही सांगता येत नाही. रिक्षा हॉस्पिटलला पोचेपर्यंत ते गेले होते.

डॉक्टरांना मी विचारलं, "थोडं आधी आणलं असतं तर?" ते म्हणाले, "सांगता येत नाही." त्यांनी खरं तेच सांगितलं असणार, पण ते उत्तर मला फार जड गेलं.

संध्याकाळी मार्तंड आले. दारातच उभे राहिले, आत येईनात. सोनूबाईंनी त्यांना हाताला धरून आत घेतलं आणि भरल्या घरात म्हणाल्या, "मार्तंडभाऊ, हात म्या बी वर केलता. तुमचं एकट्याचं नाही."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, सपना नाशिकला परत गेली, दर महिन्याचं बिल झेपत नसल्यामुळे लिफ्ट दुपारी बंदच राहिली, आणि त्यानंतर एका सकाळी सोनूबाई माझ्या दारात आल्या. "सुबोध, डेपोच्या बसस्टॉपवर बोर्ड लागलाय. सूर्य काढलाय, घर काढलंय. काय हाय ते?"

मी तो बोर्ड पाहिला होता. घराच्या छतावर सौर पॅनल बसवा, सरकार अनुदान देईल, अशी केंद्राची योजना. मी म्हणालो, "मावशी, ते ज्याचं स्वतःचं छप्पर आहे त्याच्यासाठी आहे. आपलं काय?"

"आपल्याला छप्पर नाही?"

"आहे, पण ते सगळ्यांचं."

"मंग सगळ्यांसाठी काही देत नाहीत का? बघ की जरा. तुला वाचता येतं."

ते शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं. रात्री जेवण झाल्यावर मोबाइलवर शोधत बसलो आणि माहिती मिळाली. हाउसिंग सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांच्यासाठीही अनुदान होतं, किलोवॉटमागे अठरा हजार रुपये. दिवसा गच्चीवर तयार होणारी वीज ही पुरवठा करणाऱ्या कंपनीच्या तारेत जाते आणि बिलातून तेवढी युनिटं वजा होतात. खर्च आधी आपण करायचा, अनुदान मागून सोसायटीच्या खात्यात येणार.

सोनूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं. "म्हंजे दुपारी लिफ्ट चालंल?"

"चालेल."

"मंग करू."

करू म्हणणं सोपं होतं. कामाला लागल्यावर पहिल्याच पायरीवर अडलो. अर्जात वीजजोडणीचा ग्राहक क्रमांक भरायचा होता, आणि आमच्या सामाईक मीटरवर अजून बिल्डरचंच नाव होतं. तेरा वर्षं आम्ही त्याच्या नावाची बिलं भरत होतो, आणि ते कुणाला खटकलं नव्हतं. नाव बदलायला त्याची संमती हवी. मार्तंडनी दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. ऑफिसात गेलो तर "साहेब साइटवर आहेत," एवढंच ऐकायला मिळायचं.

सोनूबाईंनी विचारलं, "साइट कुठं हाय?"

साइट वाकोल्याला होती. सोनूबाई तिथे गेल्या. एकट्या, कागदाची पिशवी घेऊन. वॉचमनने आत सोडलं नाही तेव्हा त्या गेटजवळ बसल्या. दुपारी साइटवरच्या बाया जेवायला बाहेर आल्या. त्यातल्या दोघी परभणीच्या निघाल्या. त्यांनी भाकरी पुढे केली, यांनी आपला डबा उघडला. दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्या दिवशीही. मी म्हणालो, "मावशी, असं बसून काय होणार?" त्या म्हणाल्या, "मुकादमाकडनं पगार काढायला आठ-आठ दिवस बसलेय रे मी. हे तीनच झालेत."

पाचव्या दिवशी बिल्डरची गाडी गेटमध्ये शिरताना थांबली. त्याने काच खाली करून विचारलं, "या कोण?" वॉचमन म्हणाला, "घाटकोपरच्या तुमच्या बिल्डिंगमधल्या आहेत, सही पाहिजे म्हणतात." सोनूबाई उठून काचेपाशी गेल्या. काय बोलल्या ते मी ऐकलेलं नाही. त्या सांगतात, "म्या काही भांडले नाही. म्हणलं, साहेब, आमचा माणूस जिन्यात गेला. मीटर आमच्या नावावर करा." त्याने तिथेच गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सही केली.

नाव बदललं, थकलेल्या बिलाचे पैसे घराघरातून गोळा करून भरले. या कामी मार्तंड रोज ड्युटीवरून आल्यावर दारोदार फिरले. मला वाटलं, आता मार्ग मोकळा. पॅनल बसवणाऱ्या एजन्सीकडून तेजल नावाची इंजिनिअर गच्ची मोजायला आली. तिने अठरा पॅनल, साधारण दहा किलोवॉट, असा आराखडा काढला. आणि त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या जानकी परब गच्चीवर येऊन उभ्या राहिल्या.

जानकीबाई मूळच्या मालवणकडच्या. त्यांचे सासरे गिरणीत होते, गिरणी गेली, मग नवराही गेला. पदरात दोन मुली. कोकमाची सोलं, फणसाचे पापड, सांडगे, कुळथाचं पीठ करून त्या घाटकोपर-मुलुंडच्या घरांमध्ये पोचवायच्या. आमची गच्ची हीच त्यांची वाळवणाची जागा. आराखड्याचा कागद बघून त्या तेजलला म्हणाल्या, "ह्यां सगळां तुमच्या काचांखाली जातला. मगे मी सोलां खय सुकत घालू?"

मार्तंड चिडले. "गच्ची काय तुझ्या एकटीची आहे का? वर म्हातारी माणसं आहेत. तू तळमजल्यावर, तुला लिफ्टचं काय पडलंय!"

"होय, माका लिफ्ट नको," जानकीबाई म्हणाल्या. "पण ह्या उन्हार माझी दोन पोरां वाढली. तां तुमी काढून घेतल्यार मी खाऊ काय?"

मार्तंड म्हणाले, मतदान घेऊ. मतदान घेतलं असतं तर जानकीबाई हरल्या असत्या, त्यात शंका नव्हती. मी वही आणायला वळलोसुद्धा.

सोनूबाई म्हणाल्या, "हात वर करायचं राहू द्या."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"एकदा केले आपण हात वर. घाईनं केले. जानकी, उद्या सकाळी तू वर ये. म्या बी येते. पोरी, तू बी ये." हे शेवटचं तेजलला. "ऊन कुठं कुठं पडतं ते बघू, मंग ठरवू."

तो डिसेंबरचा रविवार होता. सकाळी आठला दोघी गच्चीवर गेल्या. सोनूबाईंनी खडू नेला होता. दर तासाला त्या टाकीची सावली, कठड्याची सावली खडूने आखायच्या आणि जानकीबाई शेजारी उभ्या राहून बघायच्या. तेजलने पुठ्ठे कापून आणले होते. पॅनल जिथे येणार, तिथे ते पुठ्ठे तिरके उभे करून त्यांची सावली कुठवर पोचते ते ती दाखवत होती. दुपारी मी चहा घेऊन गेलो तेव्हा तिघी टाकीच्या आडोशाला बसून जेवत होत्या. बोलणं फारसं चाललेलं नव्हतं.

तेजल म्हणाली, "काकू, आत्ता थंडी आहे म्हणून सावल्या लांब पडतायत. एप्रिल-मेमध्ये सूर्य डोक्यावर असतो. तेव्हा पॅनलच्या मागे, उत्तरेच्या बाजूला, ही सावली उरणारच नाही."

जानकीबाईंचा विश्वास बसेना. "कागदार सगळा बरा दिसता गो," त्या म्हणाल्या.

सोनूबाईंनी विचारलं, "जानकी, सोलं तू कवा घालतीस?"

"एप्रिल-मेत. पाऊस पडाच्या आधी."

"पापड?"

"ते पण तेव्हाच. सांडगे फेब्रुवारी-मार्चात."

"मंग पोरगी म्हणते ते जर खरं निघालं, तर तुझं मोठं काम उन्हाळ्यातलंच हाय. पण तू म्हणतीस कागदावर विश्वास नाही. बराबर हाय. म्या बी ठेवला नसता." आणि त्या तेजलकडे वळल्या. "ही पूर्वेकडची चार पॅनल काढून टाक. हा एवढा पट्टा हिला मोकळा ठेव. इथं दुपारपर्यंत ऊन राहतं, आत्ता आम्ही बघितलं."

तेजल म्हणाली, "मग वीज कमी होईल, मावशी. अनुदानही कमी येईल. बिल पूर्ण नाही सुटणार."

"नको सुटू दे. अर्ध्याच्या वर तर सुटंल?"

"हो, तेवढं सुटेल."

"मंग झालं."

त्या संध्याकाळी मीटिंग झाली. मार्तंडनी कुरकुर केली, पण ठराव चौदा पॅनलचा झाला. पूर्वेचा पट्टा आणि पॅनलच्या मागची उत्तरेची जागा वाळवणासाठी राखीव, असं मी वहीत स्पष्ट लिहिलं. जानकीबाई लिहून होईपर्यंत माझ्या शेजारी उभ्या होत्या. मग त्यांनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवायला लावलं.

घरटी वर्गणी काढून आणि एजन्सीशी हप्ते ठरवून खर्च उभा केला, आणि मार्चमध्ये पॅनल चढले. लिफ्टमध्ये मावेनात, म्हणून माणसांनी जिन्याने वर नेले. पाचव्या मजल्याच्या वळणावर ते पॅनल तिरके करताना माझ्या दारातून मला दिसत होते. मी आत जाऊन बसलो. नंतर वर गेलो तेव्हा सोनूबाई सातव्या मजल्याच्या पायरीवर बसून त्या माणसांना पाणी देत होत्या.

नवा मीटर बसायला आणि तपासणीला आणखी महिना गेला. एप्रिलच्या शेवटी लिफ्ट दिवसभर चालू झाली. मार्तंडनी स्विचच्या खोलीचं कुलूप काढून टाकलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "तुझ्याकडे ठेव, नाहीतर फेकून दे. मला ती घरात नको," एवढंच म्हणाले. एजन्सीची माणसं म्हणाली, कार्यक्रम करा, नारळ फोडा, फोटो हवाय. मार्तंडनी सोनूबाईंना पुढे बोलावलं. त्या म्हणाल्या, "मला नका लावू पुढं. फोटोत सगळ्यांनी उभं राहा." आणि त्या स्वतः मागच्या रांगेत, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या फोटोत त्यांचा अर्धाच चेहरा आलाय.

मे महिन्यात मी गच्चीवर गेलो तेव्हा पॅनलच्या मागे, उत्तरेच्या जागेत, कोकमाची सोलं पसरलेली होती. भर दुपारी सावलीचा तुकडासुद्धा नव्हता. जानकीबाईंनी तो पट्टाही भरला होता आणि हाही. मी म्हणालो, "जागा कमी नाही पडली ना?" त्या म्हणाल्या, "उगाच भांडलंय मी तेव्हा." मग एक सोल उलटं करत म्हणाल्या, "पण बरां झालां भांडलंय तां. नायतर कोणी बघितल्यानच नसता."

अनुदान जूनमध्ये सोसायटीच्या खात्यात आलं. बँकेचा मेसेज आला तेव्हा मी सातव्या मजल्यावर सांगायला गेलो. सोनूबाई तांदूळ निवडत होत्या. "आले का? बरं झालं," म्हणाल्या आणि परत निवडायला लागल्या. मी खाली बसलो. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "सुबोध, कधीकधी वाटतं, हे सगळं म्या त्यांच्यासाठी केलं. मंग वाटतं, त्यांना काय, त्यांना आता लिफ्ट कशाला. म्या माझ्यासाठीच केलं. तो हात मला झोपू देत नव्हता." त्यांनी उजव्या हाताकडे पाहिलं नाही, काही नाही, तांदळातला खडा बाजूला ठेवला. "आता येते झोप. रोज नाही, पण येते."

मला बोलायचं होतं. तो ठराव माझ्या अक्षरात लिहिलेला आहे, हे सांगायचं होतं. बोललो नाही. त्यांना ते ठाऊक असणारच.

बिल पूर्ण सुटलं नाही, तेजल म्हणाली होती तसंच. पावसाळ्यात तर जेमतेम फरक पडला, आणि ऑगस्टमध्ये लिफ्टचा दोर बदलायचा म्हणून चार दिवस ती बंदच होती. तेव्हा लोकांनी जिन्यात उभं राहून सोलारच्या नावाने बोटं मोडली. मार्तंड प्रत्येकाला समजावत बसले, "अरे, दोराचा आणि सोलारचा काय संबंध!" त्या चार दिवसांत वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांसाठी खाली एक खोली उघडी ठेवली होती. ती खोली जानकीबाईंची होती. सोनूबाई दोन दिवस तिथे राहिल्या.

आता त्या दर बुधवारी वाकोल्याला जातात. साइटच्या गेटवर बसल्या होत्या तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायकांशी ओळख झाली होती. तीही त्याच बिल्डरची, तिथेही लिफ्ट दुपारी बंद. सोनूबाईंना वाचता येत नाही, पण कुठला कागद कुठल्या कागदामागे लावायचा हे त्यांना रंगावरून आणि शिक्क्यावरून पाठ आहे. गेल्या बुधवारी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. तिथल्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे, त्याच्या भाड्यावरून लोकांत दोन तट पडलेत आणि सेक्रेटरी मीटिंगला आलाच नाही. जमलेल्या सात-आठ बायकांसमोर सोनूबाई दीड तास बोलल्या. एकीने विचारलं, "होईल का हो आमचं?"

"सांगता येत नाही," सोनूबाई म्हणाल्या. "आमचं वरीस गेलं. सेक्रेटरी कुठं राहतो? चला, त्याच्या दारात जाऊ."

आणि त्या पिशवी उचलून निघाल्या. बायका पटापट चपला घालून त्यांच्या मागे गेल्या.